समजलं म्हटल्याशिवाय रेघ नाही

‘विश्वाच्या आधी काय होते, हा प्रश्न आपल्या विभागाकडे अकरा वर्षांपासून प्रलंबित असल्याचे दिसून येते. विलंबाचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’

असं पत्र विद्यापीठाच्या प्रशासन शाखेतून आमच्या भौतिकशास्त्र विभागात आलं, तेव्हा विभागात पीएच.डी. झालेली आम्ही नऊ माणसं होतो. नऊच्या नऊ जण आपापल्या चहाच्या कपात पाहू लागले. अपराधी चेहरा फक्त एकाचा झाला, तो तिजारेंचा. तिजारे प्रयोगशाळा परिचर होते. विश्वाच्या आधी काय होतं हे आपल्याला वेळेत कळवता आलं नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

तिजारे उंच, काटकुळे, किंचित पुढे झुकलेले. नागपूरच्या मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मी विभागात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळा दाखवली ती एखाद्या घरातल्या माणसांच्या ओळखी करून द्याव्यात तशी. कोपऱ्यातला हवा खेचून घेणारा निर्वात पंप म्हणजे ‘जावई’. “याले आधी तेल पाजायचं, मंग बोलायचं. रुसला तर दोन दिवस घर डोक्यावर घेते.” मी हसले. ते हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात मी तेल न पाजता पंप सुरू केला, आणि दोन दिवस विभागात कोणाला कोणाचं बोलणं ऐकू आलं नाही.

दरवर्षी थंडी सरता सरता, उन्हाचे चटके सुरू व्हायच्या आत, आमचं विद्यापीठ आठवडाभर लोकांसाठी दारं उघडतं. कागदोपत्री त्याचं नाव ‘लोकविज्ञान सप्ताह’. लोक त्याला सायन्सची जत्रा म्हणतात आणि जत्रेला यावं तसेच येतात, डबे घेऊन, म्हातारी माणसं घेऊन, चादर घेऊन. पहिल्या दिवशी पाहुणे, दिवा, शाल, श्रीफळ आणि दीड तासाची भाषणं होतात. विज्ञान त्यानंतर सुरू होतं आणि ते तिजारेंच्या हातात असतं. काचेच्या हंडीखाली विजेची घंटा वाजत ठेवायची, जावयानं हवा खेचून घ्यायची, आणि घंटा हलताना दिसत असूनही तिचा आवाज नाहीसा व्हायचा, हा त्यांचा आवडता प्रयोग. एकदा समोर बसलेल्या एका आजोबांनी आवाज गेल्याबरोबर कानातलं यंत्र काढलं, टेबलावर दोनदा आपटलं आणि खिशात टाकून दिलं. तिजारेंनी त्यांच्यासाठी सगळा प्रयोग पहिल्यापासून पुन्हा केला, आणि पुढच्या खेपेला यंत्र आधी कानात असल्याची खात्री करून घेतली.

पण तिजारेंची खरी गादी होती ती बाहेर पडायच्या दाराशी. तिथे एक टेबल, टेबलाला सुतळीनं बांधलेली लाल कापडी बांधणीची लांब वही, आणि मागे तिजारे. जाणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, “काही प्रश्न?” नाही म्हणणाऱ्याकडे ते काळजीनं पाहत. प्रश्न असला तर निळ्या पेनानं वहीत लिहून घ्यायचा, नाव-पत्ता घ्यायचा आणि सांगायचं, उत्तर घरपोच येईल. मग आठवडा संपला की ते वही घेऊन आमच्या खोल्यांमधून फिरत. उत्तर आम्ही लिहायचं, पोचवायचं त्यांनी. आणि लाल पेनाची रेघ त्या ओळीवर कधी मारायची, तर प्रश्न विचारणारा स्वतःच्या तोंडानं ‘समजलं’ म्हणाला की. ‘पटलं’ चालायचं नाही. “पटलं म्हणजे मान हलते, मॅडम. समजलं की मान थांबते.” हे वाक्य मी शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही, आणि वर्गात उभी राहिले की मला पहिल्यांदा तेच आठवतं.

त्यांच्या या नियमामुळे आम्हा सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. शहराच्या कडेला, बेसा भागातल्या एका नव्या स्कीममध्ये फ्लॅट घेतलेल्या राऊतबाईंनी वहीत विचारलं होतं, ‘इथे राहायला आल्यापासून तुरीची डाळ शिजत नाही, काहून?’ मी लिहून दिलं की कुकरची रिंग बदला. तिजारे तीन दिवसांनी परत आले. बाईंनी रिंग बदलली, डाळ तशीच. मी लिहिलं, शिट्टी बदला. ते पुन्हा परत आले. शेवटी एका रविवारी त्यांनी मला स्कूटरच्या मागे बसवलं आणि उष्मागतिकी शिकवणारे आमचे ज्येष्ठ सहकारी पाटणकर सर स्टॉपवॉच घेऊन आपल्या गाडीतून मागोमाग आले. आम्ही त्या स्वयंपाकघरात तीन तास होतो. राऊतबाई ओट्याशी, आम्ही जमिनीवर वही घेऊन, आणि पाटणकर सर शिट्ट्या मोजताहेत. शेवटी मी रसायनशास्त्रातल्या एका मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, बोअरचं पाणी जड असणार, त्यातल्या क्षारांनी डाळ मऊ होत नाही. फिल्टरचं पाणी घालून पाहिलं, डाळ लोण्यासारखी शिजली. पाटणकर सरांनी माझ्याशी हात मिळवला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून राऊतबाईंच्या सासूबाई आल्या. म्हणाल्या, मी तर याच पाण्यात शिजवते, मले काही त्रास नाही. विचारलं तर कळलं की त्या डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकतात. मग हे सुनेला का नाही सांगितलं? “तिनं मले विचारलंच नाही,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “तिनं विद्यापीठाले विचारलं.”

तिजारेंनी वही उघडली, लाल पेन काढलं आणि विचारलं, समजलं का बाई? राऊतबाईंनी सासूबाईंकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, हो, आता सगळं समजलं. रेघ मारली गेली.

दुसरी गोष्ट चिमणीची. जत्रेत दुर्बीण ठेवलीच पाहिजे असा लोकांचा आग्रह, आणि जत्रा संध्याकाळी पाचला बंद. दिवसा दुर्बिणीतून दाखवायचं काय? तिजारेंनी गच्चीवर दुर्बीण मांडली आणि उत्तरेला क्षितिजावर दिसणाऱ्या कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमणीवर रोखली. आकाश पाहायची दुर्बीण सगळं उलटं दाखवते. ताऱ्यांचं काही बिघडत नाही, पण चिमणी उलटी टांगल्यासारखी दिसायला लागली आणि धूर खाली जायला लागला. रांग जिन्यावरून खाली तळमजल्यापर्यंत गेली.

त्या रांगेत शेंडे होते. वीज केंद्रात बॉयलरवर शिफ्ट करणारे, तिथल्याच कॉलनीत राहणारे, गोल चेहऱ्याचे, अतिशय गंभीर गृहस्थ. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि मागच्या माणसाला जागा देईनात. मग त्यांनी खिशातून फोन काढून ड्यूटीवरच्या सोबत्याला विचारलं, तिकडं सगळं ठीक आहे नं? इथून धूर खाली जाऊन राहिला. सोबतीही तसाच काटेकोर. तो बाहेर येऊन, मान वर करून पाहून, पाच मिनिटांनी उलट फोन करून म्हणाला की नाही, इथून वरच चालला आहे. दुसऱ्या दिवशी कॉलनीतून बस भरून माणसं आली. जी चिमणी त्यांना घरी बसल्या आयुष्यभर सरळ दिसत होती, ती उलटी पाहायला ती माणसं दोन तास उन्हात उभी राहिली आणि फार समाधानानं परत गेली.

दाराशी तिजारेंनी शेंडेंना विचारलं, काही प्रश्न? मला वाटलं, आता दुर्बिणीतल्या भिंगांबद्दल विचारतील. मी फळ्यावर आकृती काढूनच ठेवली होती. शेंडेंनी लिहायला सांगितलं ते असं: ‘सेकंड शिफ्ट करून सायकलनं क्वार्टरवर जातो तेव्हा चंद्र माझ्यासोबत येतो. माझा दोस्त उलट्या बाजूनं गावात जातो. चंद्र त्याच्यासोबतही येतो. एकच चंद्र दोघांसोबत दोन दिशांनी कसा जातो?’

प्रश्न सोपा. मी तिथेच सांगितलं, चंद्र फार दूर आहे म्हणून. शेंडेंनी मान हलवली आणि म्हणाले, “पटलं मॅडम. समजलं नाही.” तिजारेंनी लाल पेनाचं टोपण परत लावलं.

त्यानंतर सहा वर्षं शेंडे दर जत्रेला आले. दरवर्षी आमच्यातला एकेक जण त्यांच्यावर चालून गेला. कोणी त्रिकोण काढले, कोणी त्यांना व्हरांड्यात दिव्याकडे पाहत चालायला लावलं. पाटणकर सरांनी तर गणित मांडून दाखवलं. शेंडे मन लावून ऐकायचे, सोबत आणलेल्या डब्यातली भाकर आम्हाला द्यायचे आणि म्हणायचे, पटलं. एकदा त्यांनी आपली अडचण मला नीट सांगितली. “जवळची झाडं मागं जाते, घरं मागं जाते. अन् सगळ्यात दूरचा तोच सोबत येते. मॅडम, दूरचा कोणी सोबत येते का?” त्या दिवशी माझ्यासमोर रांग होती, घसा बसला होता, आणि मी त्यांना चिडून म्हटलं की हे भौतिकशास्त्र आहे, नातेवाईक नाहीत. ते हसले. मला आजही ते आठवलं की लाज वाटते.

मग ते वर्ष आलं. तिजारेंच्या निवृत्तीचं वर्ष. जत्रा संपली की त्याच महिनाअखेरीला ते सुटणार होते. विभागप्रमुख म्हणून नाईकवाडे सर नवे आले होते आणि विद्यापीठाची तपासणी करायला बाहेरून समिती यायची होती. समिती यायची म्हटल्यावर कार्यालयातले लांजेवार कपाटं उपसायला लागले. लांजेवारांना जगात दोनच प्रकारचे कागद माहीत: निकाली आणि प्रलंबित. लाल वही हाती लागताच त्यांनी ती तपासली, रेघ न मारलेल्या ओळी मोजल्या आणि प्रशासनाला कळवलं की भौतिकशास्त्र विभागाकडे चौदा प्रकरणं प्रलंबित आहेत. सुरुवातीला सांगितलं ते पत्र त्यातूनच आलं. बाकी तेरा प्रश्नांचीही तेरा पत्रं होती. ‘सासरे घरी आले की पंखा हळू होतो’ या प्रकरणी नऊ वर्षांत कोणती कार्यवाही केली, हेही आम्हाला विचारलं होतं.

नाईकवाडे सर व्यवहारी माणूस. ते म्हणाले, तिजारे, लाल पेन घ्या आणि चौदा रेघा मारा. चहा निवायच्या आत होईल.

“साहेब, त्यांनी समजलं म्हटलं नाही,” तिजारे म्हणाले.

सरांनी समजावून पाहिलं, मग आवाज चढवला, मग स्पष्ट सांगितलं की समिती येईपर्यंत एकही ओळ उघडी राहिली तर तुमच्या सेवापुस्तकात दिरंगाईचा शेरा येईल. हे ऐकून तिजारे बसून राहिले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता. दुसऱ्या कशाचा त्यांना गर्व असल्याचं मी पाहिलं नाही, पण ‘बिनशेऱ्याची नोकरी’ हा शब्द ते लग्नपत्रिकेत छापावा तसा उच्चारत. महिना राहिला असताना त्यावर डाग पडणार होता, आणि तो चुकवायचा रस्ता म्हणजे चौदा माणसांना दिलेला शब्द पुसून टाकणं.

त्यांनी तिसरा रस्ता काढला. चौदाही जणांना पोस्टकार्डं टाकली: ‘आपल्या प्रश्नाचे उत्तर तयार आहे. जत्रेच्या शेवटच्या दिवशी येऊन घेऊन जावे.’ उत्तरं तयार नव्हती. ती त्यांनी पुढच्या पंधरा दिवसांत आमच्याकडून तयार करून घेतली, जावयाला तेल पाजावं तसा प्रत्येकाला सकाळी चहा पाजून.

शेवटच्या दिवशी दाराशी दोन टेबलं जोडली. लांजेवारांनी उत्साहानं फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘प्रलंबित प्रश्नांची सुनावणी’. त्यामुळे काही लोक जमिनीच्या फेरफाराचे कागद घेऊनही रांगेत उभे राहिले, त्यांना समजावून घालवता घालवता बारा वाजले.

विश्वाच्या आधी काय होतं, हे विचारणारी सातवीतली मुलगी आता धंतोलीच्या एका दवाखान्यात इंटर्न होती. ती एप्रन घालूनच आली, तिला वीस मिनिटांत परत जायचं होतं. पाटणकर सरांनी चित्रांसह मोठं व्याख्यान तयार केलं होतं. तिनं दोन चित्रं पाहिली आणि विचारलं, “सर, कोणालाच माहीत नाहीये ना?” सरांनी उरलेली चित्रं गुंडाळली आणि म्हणाले, नाही. “मग समजलं,” ती म्हणाली. तिजारेंनी पुन्हा विचारून खात्री केली आणि अकरा वर्षं तुंबलेला प्रश्न निकाली निघाला. लांजेवारांनी टाळी वाजवली.

पंख्याचा प्रश्न विचारणारे जावईबापू पुरावा म्हणून सासऱ्यांनाच घेऊन आले होते. चौकशीत कळलं की सासरे येतात ते नेमके संध्याकाळी सातला, गल्लीत सगळीकडे मोटारी आणि दिवे सुरू होतात आणि व्होल्टेज उतरतं तेव्हा. पंखा सासऱ्यांशिवायही हळू होत होता, पण सासरे नसताना वर पाहायचं कोणाला सुचलं नव्हतं. जावईबापू समजलं म्हणाले. सासरे मात्र तिथेच बसून राहिले. नऊ वर्षं तुम्ही हे मनात ठेवून मले जेवाले वाढत होते का, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

तीन वाजेपर्यंत तेरा रेघा झाल्या. उरले फक्त शेंडे. लांजेवार खुशीत येऊन म्हणाले की एक झाला की वही बंद, पुढच्या वर्षीपासून मोबाईलवर फॉर्म. तिजारेंनी विचारलं, अन् वही?

“निकाली निघाली म्हणजे रद्दीत. समितीच्या आधी सगळं साफ करायचं आहे.”

“अन् एक राहिला तर?”

“तर नियमानं हात लावता येत नाही. प्रलंबित वही फाडता येत नाही. पण मंग तुमच्यावर शेरा येईन नं, तिजारे.”

तिजारेंनी वहीची पानं मागे मागे उलटली. चौतीस वर्षांची माणसं होती त्यात. राऊतबाई होत्या, कानातलं यंत्र आपटणारे आजोबा होते, आता नोकरीला लागलेली शाळकरी पोरं होती. सकाळपासून आपण एकेक रेघ मारून ही वही रद्दीकडे ढकलत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. चहा आला तो त्यांनी तसाच ठेवला.

चारच्या सुमाराला एक बाई आल्या. साठीच्या, फिकट साडी, हातात पोस्टकार्ड. त्यांनी कार्ड तिजारेंसमोर ठेवलं आणि सांगितलं की मी शेंड्यांची बायको. ते दिवाळीनंतर गेले. कार्ड आलं, उत्तर घेऊन जा म्हणून लिहिलं होतं, म्हणून मी आली.

तिजारे उठून उभे राहिले आणि त्यांनी आपली खुर्ची बाईंना दिली. शेंडे गेल्याचं आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मला शेंडेंची भाकर आठवली आणि मी चिडून बोलले होते तेही आठवलं. मग नाईकवाडे सर घड्याळ पाहत दारात आले, तेव्हा मी बाईंच्या समोर स्टूल ओढून बसले.

इथे मी एक कबुली देते. मी मनाशी ठरवलं होतं की उत्तर वाईट सांगायचं. बाईंना कळलं नाही तर रेघ नाही, रेघ नाही तर वही वाचेल. शेरा येईल, पण शेरा काय, मी स्वतः कुलगुरूंकडे जाऊन भांडेन, असं काहीबाही मनात होतं. मी सुरुवात केली ती कोनीय विस्थापन, निरीक्षकाचा संदर्भ वगैरे. बाई सभ्यपणे मान हलवू लागल्या.

“मॅडम,” तिजारे मागून म्हणाले, “नीट सांगा.”

मी वळून पाहिलं. त्यांच्या हातात लाल पेन होतं, टोपण काढलेलं. शेरा चुकावा म्हणून त्यांनी खोटी रेघ मारली नव्हती. वही वाचावी म्हणून ते खोटं उत्तरही चालू देणार नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाईंना विचारलं, बसनं आलात ना? खिडकीतून रस्त्याकडेचे खांब भराभर मागे जातात. पण मागे वळून पाहिलं तर कोराडीची चिमणी किती वेळ दिसते?

“लय वेळ. ते तर इकडं शहरात मानकापूर आलं तरी दिसते.”

“का?”

“मोठी आहे, अन् दूर आहे.” बाई थांबल्या. त्यांची मान हलायची थांबली. “अन् चंद्र तर तिच्याहून किती दूर. आपण दोन कोस चाललो काय अन् त्यांचा दोस्त उलटा दोन कोस गेला काय, त्याले ते कळतच नाही. म्हणून दोघांलेही वाटते आपल्यासोबत आहे.”

सहा वर्षं आम्ही नऊ विद्वान त्या माणसासमोर त्रिकोण काढत होतो. ज्याचं सगळं आयुष्य त्या चिमणीखाली गेलं, त्याला चिमणीचं उदाहरण द्यायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. त्याला नक्की समजलं असतं. मला त्या क्षणी स्वतःचा फार राग आला.

तिजारेंनी वही बाईंसमोर सरकवली. “बाई, समजलं?”

“समजलं.”

त्यांनी पेन टेकवलं, आणि बाईंनी त्या ओळीवर तळहात ठेवला.

“मले समजलं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “त्यांले कुठं समजलं? प्रश्न त्यांचा आहे.”

नाईकवाडे सरांनी लांजेवारांकडे पाहिलं. लांजेवार खाकरून म्हणाले की नियमात बसवता येईल, प्रश्नकर्ता मयत असल्यास वारसाला समजलं तरी चालावं.

“पेन्शनले वारस चालते,” तिजारे म्हणाले. “समजाले नाही चालत.”

त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं, निळं काढलं, आणि शेंडेंच्या ओळीसमोर, आपल्या गोल अक्षरात, घाई न करता लिहिलं: ‘प्रश्नकर्ते मयत. समजलं म्हटलेले नाही. प्रलंबित.’ खाली सही केली. मग वही मिटून नाईकवाडे सरांच्या हातात दिली. सरांनी ती उघडली, निळी ओळ वाचली आणि वही कपाटात ठेवायला लांजेवारांकडे दिली.

शेरा आला. तिजारेंच्या सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो आहे, ‘एक प्रकरण निकाली काढण्यात कसूर’. समिती पुढच्या आठवड्यात आली, सभागृह पाहिलं, जेवली, विमानाची वेळ झाली म्हणून गेली. वहीचं नावही कोणी काढलं नाही. ती आमच्या कपाटात आहे. लांजेवार दरवर्षी एकदा कपाट उघडतात, प्रलंबित वही पाहतात आणि पुन्हा बंद करतात.

निरोप समारंभात तिजारे दोन वाक्यं बोलले, ती मला आठवत नाहीत. मला त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून आठवते ती जत्रेची ती संध्याकाळच. लोक पांगले होते, मी वरच्या मजल्यावर खिडक्या लावत होते. खाली फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिजारे शेंडेबाईंना बसपर्यंत सोडायला निघाले होते. ऊन उतरलं होतं आणि कडुनिंबांच्या शेंड्यांवर फिकट, अर्धा चंद्र आला होता.

बाई चालता चालता थांबल्या. त्यांनी वर पाहिलं, चार पावलं टाकली, पुन्हा वर पाहिलं. तिजारेही थांबले. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मग बाई फाटकाच्या दिशेनं चालू लागल्या आणि तिजारे, ज्यांना बाईंना सोडायला जायचं होतं ते तिजारे, पाठ फिरवून विभागाकडे चालायला लागले. दोघांच्याही माना वर. फाटकावरचा पहारेकरी खुर्चीतून उठून पाहायला लागला. दोघांमध्ये शंभरेक पावलांचं अंतर पडलं असेल, तेव्हा तिजारेंनी हाक मारली.

“बाई, तुमच्यासोबत आहे का?”

“आहे, भाऊ,” तिकडून आवाज आला. “तुमच्याकडं?”

तिजारेंनी आणखी चार पावलं टाकून, नीट पाहून, मग सांगितलं.

“इकडंही आहे.”